जुनीच भेग आहे

२०१२च्या श्रावणात आमच्या शेजारच्या वाड्याची पश्चिमेकडची भिंत पडली. सकाळचे सव्वासात वाजले होते. आदल्या रात्रीच पाऊस थांबला होता आणि ऊन पडायला लागले होते. आवाज ऐकून मी धावत गेलो, तेव्हा माजघराच्या जागी दगडांचा आणि ओल्या मातीचा ढीग होता. काकू मागच्या पडवीत चहाचे आधण ठेवत होत्या, म्हणून वाचल्या. काका भिंतीलगतच्या पलंगावर होते.

त्याच्या तीन आठवडे आधी काकांनी मला मुद्दाम बोलावून ती भिंत दाखवली होती. "जरा बघ रे, ही भेग रुंदावल्यासारखी वाटते," असे ते म्हणाले होते. मी भेगेत नख घालून पाहिले आणि म्हणालो, "काका, जुनीच भेग आहे. मी शाळेत असल्यापासून बघतोय." मग आम्ही चहा घेतला, पावसाच्या गप्पा झाल्या आणि मी घरी आलो.

मी अभियंता नाही. साताऱ्यात एका बँकेत हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली. पण त्या सकाळनंतर भिंती का पडतात, पडण्याआधी काही सांगतात का, आणि त्या न फोडता आतले कसे कळते, याच प्रश्नांच्या मागे मी लागलो. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी शोधनिबंध वाचले, गवंड्यांच्या मागे हिंडलो, काही जाणत्या अभियंत्यांना पिडले. तेरा वर्षांत जे समजले, ते इथे मांडतो आहे.

एक नव्हे, दोन भिंती

आपण जिला जाड, भक्कम भिंत म्हणतो, ती पुष्कळदा एक भिंत नसतेच. जुन्या दगडी बांधकामात बाहेरचा आणि आतला असे दोन दर्शनी थर नीट दगड निवडून उभे करतात आणि मधली जागा कपच्या, गोटे, माती किंवा चुना घालून भरतात. हे दोन थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. असे दगड महाग असतात, घडवायला आणि उचलायला जड असतात, आणि वर गिलावा चढला की ते घातले की नाही हे कुणालाच दिसत नाही. त्यामुळे काटकसर नेमकी तिथेच होते.

आरपार दगड नसले की काय होते, ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे पाहिले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथल्या भिंती दोन फुटांहून जाड होत्या, पण दगड मातीत रचलेले होते आणि डोक्यावर माळवदाचे ओझे होते. धक्का बसताच दोन थर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडला, आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. नंतरच्या दुरुस्तीच्या कामांत उभ्या भिंतींना आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरण्याची पद्धत सुचवली गेली. बांधताना राहिलेला दगड मागाहून घालण्याचाच तो प्रकार होता.

काकांच्या भिंतीला मात्र भूकंपाचीही गरज लागली नाही. ती स्वतःच्या ओझ्याखाली आणि पावसात पडली. या प्रकाराचा शोध घेताना मी इटलीत जाऊन पोचलो, अर्थात कागदांतून.

दोन मनोरे

व्हेनिसच्या सान मार्को चौकातला घंटेचा मनोरा सुमारे शंभर मीटर उंच आहे. १९०२च्या जुलैमध्ये त्याच्या पायथ्याला टेकलेल्या छोट्या इमारतीच्या छपराचे काम चालू असताना मनोऱ्याच्या भिंतीत खाच घेतली गेली आणि उत्तरेकडच्या बाजूला तडा दिसू लागला. तो वाढतो आहे का हे पाहण्यासाठी तड्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या बसवल्या. काच ताणली जात नाही, ती सरळ तुटते. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काही तुटलेल्या आढळल्या. चौकातली गर्दी आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम थांबवले गेले. १४ जुलैच्या सकाळी चौक रिकामा करण्यात आला आणि दहाच्या सुमारास मनोरा जागच्या जागी खाली बसला. एकही माणूस दगावले नाही. राखणदाराची मांजर तेवढी गेली, असे सांगतात. 'होता तिथे, होता तसा' असा निर्धार करून तो पुन्हा बांधला आणि १९१२ साली खुला केला.

दुसरा मनोरा उत्तर इटलीतल्या पाविआ गावचा. तिथल्या कॅथेड्रलशेजारी उभा असलेला हा मनोरा मध्ययुगात बांधलेला होता. भिंती पावणेतीन मीटर जाड होत्या, पण बाहेरचा विटांचा थर पातळ आणि आत चुन्यात घातलेल्या गोट्या-रोड्यांचा भराव. म्हणजे प्रकार आपल्याच भिंतींचा, फक्त माप मोठे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या माथ्यावर ग्रॅनाइटचा वजनदार घंटाघर-मजला चढवण्यात आला. त्यानंतर तो जवळजवळ चारशे वर्षे उभा राहिला. १७ मार्च १९८९च्या सकाळी नऊच्या आसपास तो कोसळला. भूकंप झालेला नव्हता, वादळ नव्हते, कुणी खाचही घेतलेली नव्हती. चार माणसे गेली आणि पंधरा जखमी झाली.

व्हेनिसमध्ये कुणीतरी तड्याकडे पाहत होते, पाविआमध्ये कुणी पाहत नव्हते. माणसांच्या जिवाचा फरक एवढ्यावर पडला.

काळाचे ओझे

पाविआचा ढिगारा टाकून न देता त्यातले मोठे तुकडे मिलानच्या तंत्रविद्यापीठात तपासले गेले. प्रा. लुईजा बिंदा आणि त्यांचे सहकारी या कामात अनेक वर्षे गुंतले होते. पाया खचल्याचा पुरावा मिळाला नाही. भिंतीवरचा दाबही तिच्या तत्कालीन ताकदीपेक्षा कमी होता. तिच्या तुकड्यांवर प्रयोगशाळेत तितकाच दाब काही मिनिटे दिला, तर ते सहज सोसत होते. मग मनोरा पडला कशाने?

उत्तर निघाले ते असे, की हा दाब शेकडो वर्षे सतत राहिला म्हणून. पुस्तकांनी भरलेल्या फळीचे उदाहरण घ्या. पुस्तके ठेवली त्या दिवशी ती सरळ असते, दहा वर्षांनी तिला बाक येतो. ओझे वाढलेले नसते, काळ वाढलेला असतो. चुन्याच्या आणि मातीच्या बांधकामातही असेच होते. तत्कालीन ताकदीच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांपुढचा दाब सतत राहिला, तर आत केसासारख्या उभ्या चिरा सावकाश वाढत राहतात.

या वाढीच्या तीन अवस्था असतात. पहिल्यांदा बांधकाम बसते आणि बसण्याचा वेग कमी होत जातो. दुसऱ्या अवस्थेत वाढ चालूच राहते, पण संथ आणि एकसारख्या गतीने. ही अवस्था शतकेही टिकू शकते. तिसऱ्या अवस्थेत गती वाढत जाते आणि शेवटी भिंत जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतली भेग नुसती पाहिली तर सारखीच दिसते. म्हणून "भेग किती रुंद आहे?" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. "ती गेल्या वर्षी किती होती, आणि त्याच्या आधीच्या वर्षी किती?" हा खरा प्रश्न. काकांनी मला तोच विचारला होता. 'रुंदावल्यासारखी वाटते' हे त्यांचे शब्द गतीविषयी होते आणि मी उत्तर दिले वयाविषयी.

पाविआनंतर तशाच बांधणीच्या इतर मनोऱ्यांकडे लक्ष गेले. मोंझाच्या कॅथेड्रलच्या घंटामनोऱ्यावर १९७८पासूनच भेगा मोजल्या जात होत्या. तिथल्या मुख्य भेगा वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी रुंदावत असल्याचे त्या नोंदींतून दिसत होते. हे डोळ्याला कधीच दिसले नसते. नोंदी हाताशी होत्या म्हणून त्याचे मजबुतीकरण करता आले.

न फोडता आत पाहणे

कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आया-आज्या ते बोटाने वाजवून घेत. खणखणीत वाजले तर घेत, बद्द वाजले तर परत ठेवत. भिंतीची परीक्षाही इथूनच सुरू होते. जुना गवंडी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जातो आणि आवाज बदलला की थांबतो, कारण तिथे आत पोकळी असते किंवा थर सुटलेला असतो.

शास्त्राने या ठोक्याला घड्याळ जोडले. भिंतीच्या एका बाजूला विशिष्ट हातोडीने ठोका द्यायचा, दुसऱ्या बाजूला संवेदक लावायचा आणि कंपन पोचायला किती वेळ लागला ते मोजायचे. सलग चांगल्या दगडातून कंपन सेकंदाला ३००० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जाते. पोकळ्यांनी भरलेल्या भिंतीत ते वळसे घेत जाते आणि वेग १००० मीटरच्याही खाली येऊ शकतो. दोन फुटी भिंतीत हा फरक सेकंदाच्या काही दहा-हजारांश भागांचा असतो, पण यंत्राला तो सहज कळतो. अनेक ठिकाणांहून असे मोजून भिंतीच्या पोटाचा नकाशा काढता येतो.

भिंतीवर नेमका किती दाब आहे, हे पाहायची रीत त्याहून सुंदर आहे. विटांमधल्या आडव्या सांध्यात एक पातळ चीर घेतात. दाब मोकळा झाल्यामुळे चिरेच्या वरची आणि खालची बाजू किंचित जवळ येते. मग चिरेत पत्र्याची चपटी पिशवी सरकवून तिच्यात तेल भरतात. दोन्ही बाजू पूर्वीच्या अंतरावर परत गेल्या, की तेलाचा दाब हाच जवळजवळ भिंतीतला दाब. हे अगदी न फोडता झाले असे म्हणता येणार नाही, पण काम संपल्यावर सांधा पुन्हा भरला की खूणही राहत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा गिलाव्यामागची ओल आणि बुजवलेल्या खिडक्या दाखवतो. या सगळ्या परीक्षा आजची स्थिती सांगतात. उद्याचा कल कळायला मात्र भिंतीजवळ बसून राहावे लागते.

बसून ऐकण्याचीही एक रीत आहे. कल्हईच्या कथलाची कांडी वाकवली की ती करकरते, जुन्या घराची तुळई रात्री करकरते. पदार्थाच्या आत काही सरकते किंवा तुटते तेव्हा थोडी ऊर्जा कंपनरूपाने बाहेर पडते. दगड-विटांत बारीक चीर पुढे सरकते तेव्हाही असा आवाज होतो, पण तो आपल्या कानाच्या पलीकडचा असतो. जर्मन संशोधक योझेफ कायझर यांनी १९५०मध्ये आपल्या प्रबंधात या आवाजांचा एक गुण मांडला. एकदा सोसलेले ओझे पदार्थावर पुन्हा आले, तर तो गप्प राहतो. त्याहून अधिक ओझे आले की पुन्हा बोलू लागतो. बांधकामात ही स्मृती इतकी चोख नसते, तरी तत्त्व उपयोगी पडते.

तुरीनच्या तंत्रविद्यापीठातले अल्बेर्तो कार्पिन्तेरी आणि जुझेप्पे लाचिदोन्या यांनी अल्बा गावच्या मध्ययुगीन मनोऱ्यांवर संवेदक चिकटवून हे आवाज मोजले. मोजदादीत महत्त्वाचा असतो तो त्यांचा वेग. दिवसागणिक आवाज कमी होत असतील तर भिंत स्थिरावते आहे. सारखेच राहिले तर नुकसान संथपणे चालू आहे. वाढत चालले तर घाई करायला हवी. मृत, जुनी भेग या यंत्राला ऐकूच येत नाही. वाढणारी भेग तेवढी ऐकू येते. मात्र रहदारी, वारा आणि पाऊस यांचे आवाज गाळून घ्यावे लागतात, आणि भेगाळलेल्या भिंतीत आवाज लवकर विरत असल्याने संवेदक जवळजवळ लावावे लागतात. हे काम हौशी माणसाचे नव्हे.

भिंतीचे ऋतू

हौशी माणसाला जमेल ते मी केले. २०१२च्या दिवाळीत आमच्या स्वतःच्या वाड्याच्या पश्चिम भिंतीतल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू पक्के बसवले, एक व्हर्नियर कॅलिपर घेतला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला दोन स्क्रूंमधले अंतर लिहायला सुरुवात केली. वर काचेची पट्टीही लावली. जन्मभर खतावण्या तपासल्या, त्यामुळे वही नीट ठेवणे मला जड गेले नाही.

पहिल्याच वर्षी घाबरगुंडी उडाली. मार्च ते मे अंतर भराभर वाढत गेले आणि काच तुटली. मी घरच्यांना दुसऱ्या खोलीत हलवले. जुलै-ऑगस्टमध्ये भेग पुन्हा मिटू लागली! उन्हाळ्यात माती सुकून आकसते, पावसात फुगते आणि भिंत त्याबरोबर उघडते-मिटते, हे तेव्हा कळले. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या प्रसिद्ध घुमटाच्या भेगाही ऋतूंबरोबर अशाच हलतात. तिथे १९५५पासून त्या उपकरणांनी मोजल्या जातात आणि १९८८पासून मोजणी स्वयंचलित झाली. ऋतूंची हालचाल वजा केल्यावर उरते ती खरी वाढ, आणि ती ओळखायला काही वर्षांच्या नोंदी लागतात. एका उन्हाळ्याच्या नोंदीवरून घर सोडणेही चूक आणि एका पावसाळ्याच्या नोंदीवरून निर्धास्त होणेही चूक.

म्हणून मी मे महिना मे महिन्याशी ताडून पाहू लागलो. २०१३च्या मेमध्ये स्क्रूंमधले अंतर १५२.३४ मिलिमीटर होते. पुढच्या मे महिन्यांतले आकडे असे: १५२.३८, १५२.४२, १५२.४४, १५२.५०, १५२.५४, आणि २०१९मध्ये १५२.५८. वर्षाला सुमारे चार शतांश, म्हणजे दुसरी अवस्था. २०२०मध्ये आकडा १५२.६६ झाला आणि २०२१मध्ये १५२.८०. भेग तीच होती. पाहुण्यांना दाखवली तर त्यांना काही वेगळे दिसत नव्हते. माझ्या चुलतभावानेही पाहून तेच वाक्य म्हटले, "दादा, ही जुनीच भेग आहे की."

मी त्याच्यापुढे वही ठेवली. वाड्यावरून आमच्यात आधीच वाद होता. त्याला तो पाडून जागा विकायची होती, मला राखायचा होता. भिंत धोक्यात आहे हे सिद्ध करणारी वही माझ्याच विरुद्ध जाणार, हे मला कळत होते. दोन-तीन दिवस ती कपाटातून न काढण्याचा विचारही मनात आला, हे इथे कबूल करतो. पण काकांचा पलंग डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आम्ही जुन्या बांधकामांचे काम करणाऱ्या एका अभियंत्याला बोलावले. त्यांनी ओळंबा सोडला, तेव्हा भिंतीला मधोमध दीड इंच पोट सुटलेले दिसले. ठोकून पाहिले, तर एवढा पट्टा बद्द वाजत होता. मग त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "ही टाकी कधीची?" भिंतीच्या माथ्यावर सिमेंटची पाण्याची टाकी होती. ती माझ्या वडिलांनी १९८६ साली बांधली होती. पाविआच्या मनोऱ्यावर चढवलेल्या ग्रॅनाइटच्या मजल्याविषयी मी पाच-सहा वर्षांपूर्वीच वाचले होते. तोच प्रकार माझ्या डोक्यावर होता आणि मी त्याच टाकीच्या पाण्याने रोज आंघोळ करत होतो.

टाकी उतरवली. भिंतीला टेकू दिले, बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढला, आतल्या पोकळ्यांत चुन्याचे पातळ मिश्रण भरले आणि दोन्ही थरांना आरपार गंजरोधक सळयांनी बांधले. सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडली होती आणि खालच्या दोन उभ्या चिराही झाकल्या होत्या. सिसिलीतल्या नोतो गावचे कॅथेड्रल १३ मार्च १९९६ रोजी कोसळले, तेव्हा त्याच्या खांबांमधली जुनी इजा अशीच गिलाव्याखाली दडलेली होती.

त्यानंतरचे मे महिन्यांचे आकडे: १५२.८२, १५२.८२, १५२.८०, १५२.८२. भाऊ अजूनही वाडा विकावा म्हणतो. आता निदान आम्ही घाईने भांडत नाही.

वाचकांसाठी थोडेसे

अलीकडे, ऑक्टोबर २०२३मध्ये, बोलोन्या शहरातल्या गारिझेंदा या ४८ मीटर उंचीच्या कलत्या मनोऱ्याभोवतीचा रस्ता बंद करण्यात आला. दान्तेने ज्याचा उल्लेख केला, तोच हा मनोरा. त्यावर लावलेल्या यंत्रांच्या नोंदी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसू लागल्या म्हणून शहराने मधल्या चौकातली रहदारी वळवली. यंत्र फक्त आकडा देते. रस्ता बंद करायचा की नाही, हे माणसांनाच ठरवावे लागते.

आपल्याकडे अशी यंत्रे प्रत्येक वाड्याला आणि चाळीला लाभणार नाहीत. पण दोन स्क्रू, एक कॅलिपर आणि एक वही कुणालाही परवडते. मोजमाप नेहमी ठराविक वेळी, शक्यतो सकाळी घ्यावे. तारखेबरोबर पाऊस-ऊन लिहावे. ऋतूची तुलना त्याच ऋतूशी करावी. ओळंबा वर्षातून दोनदा सोडावा. भिंतीला पोट दिसले, दारे-खिडक्या अचानक अडकू लागल्या, माती किंवा कपच्या झडू लागल्या, तर वहीची वाट पाहू नये. त्या खोलीत झोपणे त्याच दिवशी थांबवावे आणि जाणकाराला बोलवावे. विशेषतः मोठ्या पावसानंतर ऊन पडले म्हणून निर्धास्त होऊ नये.

काकू आता पुण्याला मुलाकडे असतात. मागच्या वर्षी भेटायला गेलो, तेव्हा त्यांना ही वही दाखवली आणि तेरा वर्षांपूर्वी काकांना मी काय उत्तर दिले होते, तेही सांगितले. त्यांना ते माहीत होते. काकांनी त्याच संध्याकाळी त्यांना सांगितले होते, "तो म्हणतोय जुनीच आहे, मग राहू दे." त्यांनी वहीची पाने उलटून पाहिली, चष्मा काढला आणि विचारले, "यंदाचा मे लिहिलास का?"